गाणाऱ्या घरातले कान



साहित्याच्या व्यासपीठावरून आज मी गाण्याबद्दल बोलणार आहे. आपल्या खान्देशात ही दोन खाती कधी वेगळी नव्हतीच. ज्यांच्या नावाने जळगावचं विद्यापीठ उभं आहे, त्या असोद्याच्या लेकीला, बहिणाबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची कविता कामाच्या रगाड्यात गळ्यातूनच आली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती जपली, आणि बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. पण त्यांच्या कवितेला आईचं वळण नाही. आईचं मोल मात्र त्यांना नेमकं कळलं. मला हे फार मोठं वाटतं. गाणारं घर आपल्याला कान देतं. आवड ज्याची त्यालाच शोधावी लागते.

आता धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला चला. तापीकाठचं, फारुकींच्या कबरींचं हे गाव. इथल्या हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याच्या मुली मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या घरी गेल्या. आधी नर्मदा, आणि तिच्या मृत्यूनंतर तिची बहीण शेवंती, म्हणजेच लताबाईंच्या माई. वडिलांकडे बळवंत संगीत मंडळी, नाट्यपदं, रागदारीची कडक तालीम. आणि आजोळी आजीच्या तोंडचे पावागढचे गरबे. लताबाई आजीकडून ते शिकल्या. दीनानाथांचा वारसा सगळे सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. पण थाळनेरच्या आजीचं नाव त्या वंशावळीत कोण घेतं? बाईने घरात म्हटलेलं गाणं संगीतात धरायचंच नाही, ही आपली जुनी खोड आहे.

दीनानाथ १९४२ साली गेले आणि मुलांवर घर चालवायची वेळ आली. पुढे काय झालं पाहा. लताबाईंचा जीव सैगलवर. आशाताईंनी गझल आणि लावणीपासून क्लबमधल्या गाण्यांपर्यंत स्वतःची वाट काढली. हृदयनाथ उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे शिकले आणि संगीतकार झाले. एकाच छपराखालची भावंडं, आणि प्रत्येकाची ओढ निराळी! याच हृदयनाथांनी १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ या चित्रपटाला संगीत दिलं, पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांच्या शब्दांवर. खाँसाहेबांचा शिष्य रानातल्या गाण्यापाशी आला, तो कुणी भरीला घातलं म्हणून नव्हे, त्याच्या कानाने तो पल्ला गाठला म्हणून.

माझ्या घराचंही सांगतो. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. घरात यमन, भूप, भैरवी रोजचे. मी मुकाट्याने सा लावायचो, पलटे म्हणायचो. पण जीव अडकायचा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी. सासरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, गौराईची गाणी सुरू. झोका वर गेला की ओळ लांबवायची, खाली येताना सोडून द्यायची. तालाचं सगळं गणित त्या दोरात. घरी येऊन मी ती चाल पेटीवर काढायला बसलो, तर सूर सापडेना. मामीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडायचा, आणि पेटीला मधलं काही ठाऊकच नसतं. वडील ऐकत होते. ते म्हणाले, “पेटी मिटव, नुसतं गा.” माझ्या आवडीला घरातून मिळालेला तो पहिला होकार. असा होकार देणारं माणूस लाभणं मी भाग्याचं मानतो.

आज गाणाऱ्या घरांतून उलट होताना दिसतं. मूल सहा वर्षांचं झालं की स्पर्धेची तयारी, मग रंगमंच, मग परीक्षक. त्याला काय आवडतं, हे विचारायला कुणाला सवड नाही. परीक्षा जरूर द्याव्यात. तालमीवाचून गळा तयार होत नाही. पण मूल आजीजवळ बसून कानबाईच्या सणाची गाणी ऐकू लागलं, किंवा बँडवाल्याच्या क्लॅरिनेटपाशी रेंगाळलं, तर त्याला हाताला धरून ओढून आणू नका. त्याची आवड तिथेच कुठेतरी तयार होत असते.

आणि एक मागणं. आखाजीची आणि कानबाईची गाणी पाठ असलेल्या बाया आता थकल्या आहेत. खिशात फोन प्रत्येकाच्या आहे. यंदा आपापल्या आई, मामी, आजीला गायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, प्रसंग नोंदवा. सूर शुद्ध करायला जाऊ नका, अहिराणी शब्द पुस्तकी करू नका. आणि पुढच्या संमेलनाला येताना प्रत्येकाने निदान एक गाणं घेऊन या.