गोठलेल्या जमिनीवरचे सांडपाणी

कॅनडाच्या उत्तर टोकाला असलेला नुनावुत हा प्रदेश १९९९ साली स्वतंत्र प्रदेश म्हणून स्थापन झाला. क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, पण लोकवस्ती चाळीस हजारांच्या आतबाहेर. तीही पंचवीस गावांत विखुरलेली आणि बहुतांशी इनुइट. गावांना जोडणारे रस्ते नाहीत. माणसे विमानाने ये-जा करतात आणि जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येते.

इथली जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. साधी गटारे पुरली तर पाणी गोठते किंवा पाइपाच्या उबेने खालचे बर्फ वितळून जमीन खचते. इकालुइट, रँकिन इन्लेट अशा मोजक्या गावांत उष्णतारोधक पाइप आहेत, पण बाकी बहुतेक ठिकाणी घरोघर दोन टाक्या असतात. एक टँकर पाणी भरून जातो, दुसरा मैलापाणी उपसून नेतो. अनेक घरांत मैल्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद होतो, म्हणून हिमवादळात टँकर अडकला की नळही कोरडा. पाणी अर्थातच जपून वापरले जाते आणि त्यामुळे सांडपाणी शहरातल्यापेक्षा दाट असते.

मैलापाण्याचा टँकर रिकामा होतो तो गावाबाहेरच्या तळ्यात. माती-मुरुमाचे बांध घालून केलेल्या या तळ्यात जवळजवळ वर्षभराचे सांडपाणी मावावे लागते. वर्षातले आठ-नऊ महिने ते बर्फाखाली असते. तेव्हा जड गाळ तळाशी बसतो, पण जीवाणूंचे काम थंडीने मंदावलेले असते. जून-जुलैत बर्फ सुटते. उन्हाळ्यातल्या लांबच लांब दिवसांच्या उन्हात शेवाळ वाढते, पाण्यात प्राणवायू सोडते आणि त्याच्या जोरावर जीवाणू घाण कुजवू लागतात. उन्हाळा सरता सरता वरचे पाणी उपसून सोडतात आणि हिवाळ्यासाठी जागा करून ठेवतात.

बऱ्याच गावांत हे पाणी थेट समुद्रात जात नाही. ते आधी पाणथळ टुंड्रावर पसरते. तिथले लव्हाळे, शेवाळ आणि कुजट माती उरलेला गाळ अडवतात, नत्रद्रव्ये शोषतात. मात्र वेळ साधावी लागते. बर्फ वितळण्याच्या सुरुवातीलाच तळे फुटले किंवा झिरपले तर पाणथळ अजून गोठलेलीच असते आणि मैलापाणी वरच्यावर घसरत खाडीत उतरते. त्याच खाडीत लोक मासे धरतात, शिंपल्या गोळा करतात आणि सीलची शिकार करतात.

यंत्रांचे शुद्धीकरण केंद्र उभारणे हा पर्याय वरकरणी सोपा दिसतो. इकालुइट आणि पँगनिर्टुंग येथे तशी केंद्रे आहेतही. पण वीज डिझेलवर तयार होते, सुटा भाग वेळेवर पोचत नाही आणि यंत्र सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लहान गावात टिकणे कठीण असते. तळ्याला यातले फारसे काही लागत नाही.

कॅनडाने २०१२ साली सांडपाण्याचे राष्ट्रीय नियम केले. जैविक प्राणवायू-मागणी (घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि तरंगणारा गाळ, दोन्ही सरासरी लिटरला २५ मिलिग्रॅमपर्यंत, ही त्यांतली मर्यादा. नुनावुतला मात्र त्यातून वगळले, कारण अति उत्तरेत काय साध्य होऊ शकते हे आधी तपासायचे होते. डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी नुनावुत सरकारसाठी तळी आणि पाणथळ जागा अभ्यासल्या. सध्या प्रत्येक गावासाठी नुनावुत जल मंडळ परवाना देते आणि त्यातल्या अटींप्रमाणे पाणी तपासावे लागते. प्राणवायू-मागणीची चाचणी नमुना घेतल्यावर लवकर सुरू व्हावी लागते, आणि तो नमुना दूरच्या प्रयोगशाळेत विमानाने जातो. हवा बिघडली तर नमुना वाया.

तळ्यांपुढे आता तीन कामे आहेत. साचलेला गाळ काढणे, थंडीत न विघटणारा अमोनिया कमी करणे आणि तापमान वाढून गोठलेली जमीन सैल होत असताना बांध सुरक्षित ठेवणे.