नंबर देत नाही, बिल द्या



वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर चपला घ्या नाहीतर मुलाचा शर्ट घ्या, बिलाच्या वेळी हमखास विचारतात, "मोबाइल नंबर?" मागे रांग ताटकळलेली असते, आपण मुकाट्याने दहा आकडे सांगून टाकतो. नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. तेव्हा "नंबर देत नाही, बिल द्या," असं खुशाल म्हणा. दुकानदार तोंड वाकडं करील. करू दे.

दुकानात निदान समोर माणूस असतो. फोनवर नाही कुणाला म्हणायचं? जाहिरातीच्या धंद्यातल्या बड्या गूगलची कचेरी इथेच वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पण तिथे खेटे घालायची गरज नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ॲड्स असं शोधा. फोनगणिक नावं थोडी बदलतात. तिथे तुमच्या फोनला दिलेला एक जाहिरात-क्रमांक असतो. निरनिराळी ॲप्स त्याच्यावरून तुमची आवडनिवड जुळवतात. तो पुसून टाकता येतो. जाहिराती थांबणार नाहीत, पण त्या क्रमांकावरून तुमचा माग काढणं तरी बंद होईल.

जिथे असं बटणच नसतं, तिथे खरी पंचाईत. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या: मान्य करा, नाहीतर वापर विसरा. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, गावाकडची मंडळी, सगळं तिथेच. सोडून जाणार कुठे? भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये ही जबरदस्तीच ठरवली. व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला 213 कोटींचा दंड केला आणि व्हॉट्सॲपची माहिती जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी उठवली. माझ्या मते नेमकं उलट व्हायला हवं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला 213 कोटी म्हणजे किरकोळ खर्च.

2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं, असं स्पष्ट लिहिलं आहे. संमती मागणारी सूचना मराठीतून वाचायची सोयही द्यावी लागेल. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांना बांधणारी मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला हा कायदा मनाईच करतो, काही अपवाद सोडले तर. मात्र खातं उघडताना आपणच चौदा वर्षांच्या पोराचं जन्मसाल मागचं टाकतो. मग कंपनीच्या लेखी तो सज्ञान. आज जेवणं झाली की त्याचा फोन मागून घ्या आणि ते साल एकदा बघा.