सासूबाईंची राहून गेलेली गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘युद्धकाळातील आठवणी’ हा विषय दिला, तेव्हा मी म्हटले, “अहो, मी कुठे लढाईवर गेले होते?” त्या म्हणाल्या, “लढाई घरात आली नव्हती का?” यावर मला गप्प बसावे लागले.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकूर मोरे हे पाच जण हुतात्मे झाले. त्यांची नावे आपण दरवर्षी घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. परंतु त्या दिवशी घरी वाट पाहत बसलेल्या बायकांनी काय पाहिले, ते कोणत्या स्तंभावर सापडेल?

माझ्या सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील सकाळीच पालघरला गेले होते. आईने झाकून ठेवलेली भाकरी रात्रीपर्यंत तशीच राहिली. वडील आले ते थेट विहिरीवर गेले आणि स्वतःचा सदरा स्वतः धुऊ लागले. घरातल्या पुरुषाने सदरा धुतलेला सासूबाईंनी त्याआधी कधी पाहिला नव्हता. कुणी काही विचारले नाही. त्याच वर्षाच्या आरंभी, जपानी बॉम्ब पडणार या भीतीने मुंबईहून मामांचे बिऱ्हाड गावी आले होते. सात माणसे वाढली आणि कणगीतला तांदूळ पावसाळ्याआधीच तळाला गेला. सासूबाईंच्या लेखी महायुद्ध म्हणजे ती रिकामी कणगी.

हे सारे त्या तांदूळ निवडता निवडता सांगत. “गोदी उडाली ना, त्याच पावसात गोळीबार झाला,” असे त्या नेहमी म्हणत. मुंबईच्या गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. मध्ये जवळजवळ दोन वर्षांचे अंतर. तारीख दोन्हींची चौदा, म्हणून गल्लत होत असावी. एकदा घरी पाहुणे बसलेले असताना मी शहाणपणाने म्हटले, “आई, तुमचे चुकते आहे.” त्या हसल्या, सूप उचलले आणि आत गेल्या. पुन्हा ती गोष्ट त्यांनी माझ्यापाशी काढली नाही. त्या गेल्यावर मला कळले, की विहिरीवरून आल्यावर वडील काय बोलले, हे विचारायचे राहूनच गेले.

माझ्या स्वतःच्या आठवणीही काही निर्दोष नाहीत. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मी दहा वर्षांची होते. माझे माहेर बोईसरकडचे. तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती, त्यामुळे वडीलधाऱ्यांना धास्ती अधिक. दिवस मावळायच्या आत चुली विझवायच्या आणि कंदिलाला काळा कागद लावायचा. मला वाटते असे महिनाभर चालले. युद्ध मात्र ३ तारखेला सुरू होऊन १६ तारखेला संपलेसुद्धा! भाऊ म्हणतो, कागद काळा नव्हताच, निळा होता.

विलायतेत बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य माणसांच्या महायुद्धातील सुमारे ४७,००० आठवणी जमवल्या. आपल्याला एक दोनशे पानी वही पुरे. आजीबाई सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. तारीख चुकली तर समासात बारीक अक्षरांत खरी तारीख घालावी, पण त्यांना मध्येच टोकू नये. मोबाईलवर आवाज घ्यायचा तर आधी विचारावे. आणि त्यांना समोर खुर्चीवर बसवू नका. भाजी निवडायला घ्या, म्हणजे त्या आपोआप बोलतील.

वही मी आणली आहे. पहिल्या तीन पानांवर सासूबाईंची गोष्ट लिहिली आहे, गोदी आणि गोळीबार एकाच पावसात ठेवून. विहिरीच्या प्रसंगानंतर अर्धे पान कोरे सोडले आहे; नणंदबाई दिवाळीला येतील, त्यांना काही ठाऊक असेल तर विचारीन. चौथ्या पानापासून वही तुमची आहे.