खटला नाही, फिर्याद नाही, कैद मात्र आहे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलायचे आहे, कांद्याच्या निर्यातीवर आहे, वीजबिलावर आहे. त्यात हा तुरुंगाचा विषय कशाला आणला, असे काही जण विचारत होते. मंत्री दौऱ्यावर येणार म्हटले की आदल्या रात्री कोणाच्या दारात पोलिसांची जीप उभी राहते, हे या मांडवात बसलेल्यांना सांगायला नको. १४९ ची नोटीस आणि १५१ ची अटक आपल्या ओळखीची आहे. १ जुलै २०२४ पासून जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा गेला, नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे १६८ आणि १७० झाले. जीप तीच राहिली.

ही जीप बहुधा मंत्र्यांचे विमान उडाले की आपल्याला घरी सोडते. आज बोलायचे आहे ते जे लवकर घरी येत नाहीत त्यांच्याबद्दल. त्यांनी गुन्हा केला असे सिद्ध झालेले नसते. पुष्कळदा तसा आरोपही कोर्टापुढे नसतो. हा माणूस उद्या काहीतरी करील असे जिल्हाधिकाऱ्याला किंवा पोलीस आयुक्ताला वाटते आणि तेवढ्यावर तो वर्षभर आत जातो. सरकारी भाषेत याला स्थानबद्धता म्हणतात. शब्द मोठा सोज्वळ आहे.

ही चाल इंग्रजांची. १८१८ साली बंगालचा आणि १८२७ साली मुंबई इलाख्याचा असे दोन रेग्युलेशन त्यांनी करून ठेवले होते. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला, तेव्हा या मुंबईच्या रेग्युलेशनखाली नातू बंधूंना उचलले. खटला भरला नाही, पुरावा दिला नाही. १९०७ ची गोष्ट तर आपल्या घरचीच म्हणावी लागेल. पंजाबात कालव्यांच्या वसाहतींमधल्या शेतकऱ्यांचे जमिनीवरचे हक्क कापणारे विधेयक सरकारने आणले, पाणीपट्टी वाढवली. शेतकरी उठले. सरकारने लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली मंडालेला नेऊन टाकले. अजितसिंग म्हणजे भगतसिंगांचे चुलते. गंमत बघा. त्या विधेयकाला खुद्द व्हाइसरॉयने मे महिन्यात संमती नाकारली. म्हणजे शेतकऱ्यांचे म्हणणे सरकारलाच पटले होते. तरी हे दोघे नोव्हेंबरपर्यंत कैदेतच.

१९१९ च्या रौलेट कायद्याविरुद्ध ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ म्हणत सारा देश पेटला. जालियनवाला बाग घडली ती त्याच वणव्यात. मग स्वातंत्र्य आल्यावर गोरे गेले तसा हा कायदाही जायला हवा होता. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि महिनाभरात, फेब्रुवारीतच, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. घटनेच्या २२ व्या कलमात त्याची सोय करून ठेवलेली होती. एका हाताने हक्क दिले, दुसऱ्या हाताने दाराची किल्ली सरकारच्या खिशात ठेवली. एक वर्षासाठी म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत १९६९ अखेरपर्यंत चालला. १९७१ ला मिसा आला. तो १९७७ ला सत्ता बदलल्यावर गेला, आणि १९८० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका आला. तो अजून आहे.

मिसाबद्दल तरुणांना सांगायला हवे. आणीबाणीत मिसाखाली सुमारे ३५,००० माणसे स्थानबद्ध झाली. शहा आयोगाने तो आकडा नोंदवून ठेवला आहे. येरवडा आणि नाशिकचे तुरुंग भरले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा सरकारी वकिलाला विचारले गेले की पोलिसाने एखाद्याला जिवे मारले तरी दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. एकटे न्या. ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. त्याची किंमत म्हणून सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटले २०१७ मध्ये. एक्केचाळीस वर्षांनी!

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कोर्टाने हात लावू नये म्हणून घटनेत नववे परिशिष्ट नावाची एक कोठी आहे. १९७५ मध्ये मिसा त्या कोठीत ठेवला गेला. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, आवश्यक वस्तू कायदा त्याच कोठीत गेला. शेतकऱ्याच्या मालाला बेडी घालणारा कायदा आणि माणसाला बेडी घालणारा कायदा शेजारी शेजारी. मिसा १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बाहेर निघाला, आवश्यक वस्तूंचा आतच राहिला. पुन्हा १९८० मध्ये काळाबाजार रोखण्याच्या नावाखाली वेगळा स्थानबद्धतेचा कायदा केला, सहा महिने आत ठेवणारा. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस हद्दीपलीकडे नेला म्हणून गुन्हेगार ठरलेल्यांना हे नाते समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच ४४ व्या दुरुस्तीत एक चांगले कलम होते. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय कोणाला तीन महिने डांबता येते, ते दोन महिन्यांवर आणायचे. संसदेने मंजूर केले, पण ते लागू करण्याची अधिसूचना काही निघाली नाही. जनता पक्ष गेला, काँग्रेस आली-गेली, भाजप आला. आणीबाणीच्या नावाने दर जूनमध्ये गळा काढणाऱ्यांनीही काढली नाही.

ही हत्यारे नेहमी दुसऱ्याच कोणासाठी म्हणून आणली जातात. काश्मीरमध्ये शेख अब्दुल्लांनी १९७८ ला जनसुरक्षा कायदा केला, तो लाकूडचोरांसाठी म्हणून सांगितला. २०१९ मध्ये त्याच कायद्याखाली त्यांचे चिरंजीव फारुख अब्दुल्ला स्थानबद्ध झाले. टाडा १९८५ ला आला पंजाबच्या अतिरेक्यांसाठी. दहशतवादाचा मागमूस नसलेल्या गुजरातेत हजारो माणसे त्यात गेली. १९९५ ला मुदत संपून तो गेला, तेव्हा शिक्षा झालेले शेकड्यात दोघेही नव्हते. आपल्या राज्यातला एमपीडीए १९८१ चा, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीचा. पुढे त्यात एकेक नवे धंदे भरत गेले, वाळूतस्करांपर्यंत.

शेतकऱ्याची पाळी येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी तमिळनाडूकडे बघावे. तिरुवण्णामलै जिल्ह्यात मेल्मा भागात औद्योगिक वसाहतीला जमीन द्यायची नाही म्हणून शेतकरी बसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यातल्या सात जणांवर गुंडा कायदा लावला. जमीन यांची, आणि गुंडही हेच. बोंब झाल्यावर सरकारला तो मागे घ्यावा लागला. आसामात कृषक मुक्ती संग्राम समितीचे अखिल गोगोई २०१७ मध्ये रासुकाखाली आत गेले, हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा उचलले, या वेळी यूएपीए लावून. दीड वर्षावर ते आत होते. २०२१ ला तुरुंगातूनच शिवसागरची जागा जिंकले. त्यानंतर विशेष कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केले. २०२३ मध्ये हायकोर्टाने ती मुक्तता रद्द करून पुन्हा मागे फिरवले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने जामीन दिला.

यूएपीए ही स्थानबद्धता नाही, तिथे खटला असतो, असे वकील सांगतील. कागदावर असतो. पण आरोपपत्राला १८० दिवस, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. खटला उभा राहायला वर्षे लागतात. स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे, कंपवाताचे रोगी. ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले, ५ जुलै २०२१ ला कैदेतच वारले. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्या गोटातल्या अनेकांचे अर्थकारण आम्हाला मान्य नाही, बंदुकीचे राजकारण तर मुळीच नाही. म्हणूनच सांगतो, ज्याचे विचार पटत नाहीत त्याच्यासाठी कायदा वाकवू दिला की वाकलेलाच कायदा आपल्या वाट्याला येतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेही कडव्या डाव्या संघटनांसाठी म्हणून. त्याची कलमे तालुका अध्यक्षांनी स्वतः वाचावीत, मंत्र्यांच्या भाषणावर जाऊ नये. रास्ता रोको आणि कर्जवसुलीला नकार यांत कुठे बसतात, ते वकिलाकडून समजून घ्यावे.

आता कामाचे. अटक झाली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलेच पाहिजे, अटकेचा पंचनामा करून त्यावर वेळ लिहिली पाहिजे, घरच्यांना कळवले पाहिजे. हे सुप्रीम कोर्टाने १९९७ पर्यंतच्या निकालांत बांधून दिले आहे. स्थानबद्ध केले तर चोवीस तासांचा नियम नाही आणि सल्लागार मंडळापुढे वकील मागण्याचा हक्क नाही. पण कारणे लेखी द्यावी लागतात, आणि समजणाऱ्या भाषेत. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने इंग्रजीत कारणे दिली, हिंदी मागितले तर नाकारले. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये त्या माणसाला सोडले. तेव्हा इंग्रजी कागद हातात पडला की मराठीतून मागायचा, लेखी मागायचा आणि पोच घ्यायची. सरकारकडे त्याच दिवशी अर्ज करायचा. अर्जाला सरकारने विनाकारण उशीर लावला तर त्या एका मुद्द्यावर आदेश पडतो. हायकोर्टात हेबिअस कॉर्पसचा अर्ज बायको, भाऊ, मित्र कोणीही करू शकतो.

मायबहिणींनी हे नीट ऐकावे, कारण पहाटे जीप निघून गेल्यावर घरात त्याच असतात. प्रत्येक तालुक्याने दोन माणसे नेमायची, त्यांतली एक बाई. त्यांच्याजवळ वकिलाचा पत्ता आणि कोऱ्या वकालतनाम्यावर सह्या असाव्यात. ही नावे आज संध्याकाळपर्यंत व्यासपीठामागच्या टेबलावर लिहून द्यावीत. त्यानंतर कापसाचा ठराव घेऊ.