घरगुती ब्रॉडबँड : जोडणी, बदल आणि ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य



भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून क्रमांक फिरवून ही सेवा मिळत असे आणि सेवा देणारी संस्था एकच होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाच्या आणि सतत चालू राहणाऱ्या जोडणीस ‘ब्रॉडबँड’ ही संज्ञा दिली. पुढे ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस अशी वाढविण्यात आली. आज शहरांतील घरोघरी १०० एमबीपीएसच्या योजना घेतल्या जात आहेत.

हा प्रवास निश्चितच मोठा आहे. तथापि, आजच्या विषयाचा गाभा वेगाचा नाही. बाजारात अनेक सेवापुरवठादार असूनही एखाद्या कुटुंबाला असमाधानकारक सेवा सोडून दुसरी सेवा घेणे सहज शक्य होते काय, हा खरा प्रश्न आहे. स्पर्धेचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचतो तो या बदलाच्या वाटेने. ही वाट अडली तर परवानाधारक कंपन्या कितीही असल्या तरी त्या घरापुरती मक्तेदारीच शिल्लक राहते.

काचेच्या तंतूतून घरापर्यंत

काचेच्या तंतूतून प्रकाश वाहून नेण्याच्या प्रारंभीच्या संशोधनात पंजाबमधील मोगा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांचा वाटा महत्त्वाचा होता. दूरसंचारासाठी अशा तंतूंचा उपयोग करता येईल, हे १९६६ मध्ये दाखवून देणारे चार्ल्स काओ यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या प्रकाशीय तंतूचा बाह्य व्यास १२५ मायक्रॉन, तर ज्यातून प्रकाश जातो तो गाभा सुमारे ९ मायक्रॉन असतो.

घरगुती जोडणीसाठी मोठ्या प्रमाणावर ‘जीपॉन’ ही पद्धत वापरली जाते. सेवापुरवठादाराच्या केंद्रातील यंत्रापासून एक तंतू वस्तीपर्यंत येतो. तेथे ‘स्प्लिटर’ नावाचे साधन त्यातील प्रकाश अनेक शाखांत विभागते. या साधनाला विजेची गरज लागत नाही. एका तंतूवर साधारणपणे ३२ किंवा ६४ घरे जोडली जातात. घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटर आणि घराकडून जाणारी माहिती १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावरून प्रवास करते. त्यामुळे एकाच तंतूवर दोन्ही दिशांची वाहतूक होऊ शकते. या पद्धतीत घराकडे येणारी एकूण क्षमता सुमारे २.५ गिगाबिट प्रतिसेकंद असते आणि ती त्या शाखेवरील सर्व घरांत वाटली जाते. सायंकाळी सर्वांचा वापर एकदम वाढला की वेग का मंदावतो, याचे एक कारण या वाटणीत सापडते.

स्प्लिटरच्या पेटीपासून घरापर्यंत येणारी बारीक केबल हा या साखळीचा शेवटचा दुवा होय. घरात ती ‘ओएनटी’ नावाच्या पेटीला जोडली जाते आणि तेथे प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतांत होते. प्रत्येक ओएनटीचा अनुक्रमांक सेवापुरवठादाराच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो. म्हणूनच एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या तंतूला लावली म्हणजे सेवा सुरू होईल, असे नसते. केबल कोपऱ्यात तीव्रपणे वाकविल्यास प्रकाश बाहेर निसटतो व संकेत क्षीण होतो. पेटीवरील तांबडा दिवा लागला म्हणजे प्रकाश पोहोचत नाही, असे समजावे.

जोडणी घेताना

जोडणीची प्रक्रिया वरकरणी साधी दिसते. पत्त्यावर सेवा उपलब्ध आहे का याची तपासणी, ओळखपत्र व पत्त्याची पडताळणी, योजनेची निवड, केबल ओढणे, पेटी बसविणे आणि चाचणी असे तिचे टप्पे आहेत. मात्र पुढे सेवा बदलणे सोपे जाईल की अवघड, हे बहुतांशी याच दिवशी ठरते.

पहिली बाब वेगाच्या एककाची. योजनेतील वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजला जातो. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजेच १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरू शकतात. वेगाची चाचणी शक्यतो राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर करावी. वाय-फायवर मिळणारा वेग भिंती, अंतर आणि लहरींचा पट्टा यांवर अवलंबून असतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, पण त्यात गर्दी अधिक असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. या तपासणीमुळे दोष सेवेचा की घरातील मांडणीचा, हे कळते. अन्यथा कंपनी बदलूनही तक्रार तशीच राहण्याचा संभव असतो.

दुसरी बाब वापरमर्यादेची. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांत ठरावीक वापरानंतर वेग घटविला जातो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, ऑक्टोबर २०१६ मध्ये याबाबत निर्देश दिले. मर्यादा किती, तिच्या आतील वेग किती आणि नंतरचा वेग किती, हे तिन्ही स्पष्टपणे जाहीर करण्याचे बंधन सेवापुरवठादारांवर घालण्यात आले.

तिसरी बाब कराराची. जाहिरातीतील मासिक शुल्कात बहुधा १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. सहा महिन्यांचे वा वर्षाचे शुल्क आगाऊ भरल्यास दर कमी पडतो. परंतु मुदतीपूर्वी सेवा सोडल्यास उरलेली रक्कम परत मिळेलच असे नाही. राउटर विकत दिला आहे की वापरापुरता, अनामत किती आणि ‘मोफत जोडणी’साठी किमान किती महिने राहावे लागेल, याची उत्तरे लेखी घ्यावीत.

बदलाचा खर्च

अर्थशास्त्रात एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाताना ग्राहकाला सोसाव्या लागणाऱ्या एकूण भाराला ‘बदलखर्च’ म्हणता येईल. त्यात केवळ पैसा येत नाही. आगाऊ भरलेले शुल्क हा आर्थिक भार, घरात पुन्हा केबल ओढणे हा भौतिक भार, योजनांची तुलना करणे हा माहितीचा भार, तर मधल्या काळात सेवा खंडित होण्याची भीती हा अनिश्चिततेचा भार होय. परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख जवळ आलेल्या विद्यार्थ्याला किंवा घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला चार दिवस इंटरनेटविना राहणे परवडत नाही. परिणामी सेवा असमाधानकारक असूनही अशी कुटुंबे ती सोडत नाहीत. ग्राहक जाणार नाही, याची खात्री पटलेल्या सेवापुरवठादाराला सुधारणेची निकड उरत नाही.

मोबाइल सेवेत हा भार कमी करण्यासाठी राज्यसंस्थेने हस्तक्षेप केला. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सुविधा नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात, २० जानेवारी २०११ पासून देशभर आणि ३ जुलै २०१५ पासून एका दूरसंचार परिमंडळातून दुसऱ्यात जाणाऱ्यांसाठीही उपलब्ध झाली. या व्यवस्थेत ग्राहक नव्या कंपनीकडे अर्ज करतो. जुन्या कंपनीची मनधरणी त्याला करावी लागत नाही. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून हेच तत्त्व घरगुती ब्रॉडबँडला लागू झाले. तेथे ग्राहकाने केवळ नव्या कंपनीशी संपर्क साधायचा असतो. जुनी सेवा बंद करण्याचा समन्वय कंपन्या आपसांत करतात. भारतात तारेवरील ब्रॉडबँडसाठी अशी एकखिडकी व्यवस्था नाही. येथे नवी जोडणी घेणे आणि जुनी बंद करणे ही दोन स्वतंत्र कामे असून ती दोन्ही ग्राहकालाच करावी लागतात.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. आगाऊ शुल्काची मुदत संपण्यापूर्वी काही दिवस नव्या सेवेची मागणी नोंदवावी. ती प्रत्यक्ष सुरू होऊन काही दिवस, विशेषतः सायंकाळच्या गर्दीच्या वेळी, समाधानकारक चालल्यावरच जुनी सेवा बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. केवळ शुल्क भरणे थांबविल्याने सेवा औपचारिकरीत्या बंद होतेच असे नाही. मासिक देयकाच्या योजनेत थकबाकी वाढत राहू शकते. बँक खात्यातून आपोआप होणारी वजावट रद्द करावी. पेटी परत करताना अनुक्रमांकासह पोच घ्यावी. कारण अनामतीचा वाद बहुधा पोच नसल्यामुळेच लांबतो. जुन्या कंपनीने दिलेला ई-मेल पत्ता बँकेत वा परीक्षेच्या नोंदणीत वापरला असेल, तर तो आधीच बदलून घ्यावा. जोडणीबरोबर मिळालेल्या दूरध्वनी क्रमांकाबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे.

इमारतीचे प्रवेशद्वार

अनेक ठिकाणी अडसर कंपनी वा ग्राहकाकडे नसून इमारतीच्या प्रवेशद्वाराशी असतो. विकासक किंवा गृहनिर्माण संस्थेची व्यवस्थापन समिती एकाच सेवापुरवठादाराला केबल टाकण्याची मुभा देते, तेव्हा आतील सर्व रहिवाशांचे निवडस्वातंत्र्य एका निर्णयाने संपुष्टात येते. ट्रायने जानेवारी २०१७ मध्ये केलेल्या शिफारशींत असे एकाधिकाराचे करार नसावेत, अशी भूमिका घेतली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दृष्टीने मानांकन देण्यासंबंधीचे विनियम ट्रायने जारी केले. दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तयार झालेले मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले असून, त्यांमुळे सार्वजनिक जागेत केबल टाकण्याच्या परवानगीची पद्धत देशभर एकसमान करण्याचा प्रयत्न झाला आहे.

येथे ‘नैसर्गिक मक्तेदारी’ या संकल्पनेचे स्मरण होते. प्रत्येक कंपनीने प्रत्येक रस्ता खणणे वा प्रत्येक खांबावर स्वतःची केबल लटकविणे समाजाच्या दृष्टीने अपव्ययाचे ठरते. सामायिक नळवाहिन्या आणि सामायिक तंतू यांचा वापर झाल्यास पायाभूत रचना एक आणि सेवा देणारे अनेक, अशी व्यवस्था शक्य होते. इमारत उभारतानाच अशी वाहिनी ठेवली, तर रहिवाशांच्या बदलखर्चातील मोठा भाग उद्भवतच नाही.

तक्रार कोठे करावी?

ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, हा मुद्दा परीक्षेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवावा. तक्रार निवारणाबाबतच्या २०१२ च्या विनियमांनुसार व्यवस्था द्विस्तरीय आहे. प्रथम सेवापुरवठादाराच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत विनाशुल्क अपील करता येते. त्याचा निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो. त्यापलीकडे ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेतील वाद ग्राहक मंचापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मधील निर्णयात स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

जेथे पर्यायच नाही

आतापर्यंतची चर्चा पर्याय असलेल्या ग्राहकांविषयीची झाली. २०२५ च्या प्रारंभी देशातील ब्रॉडबँड जोडण्या ९० कोटींहून अधिक असल्या, तरी त्यांत तारेवरील जोडण्या ४ कोटींच्या आसपासच होत्या. उर्वरित भारत प्रामुख्याने मोबाइलवरून इंटरनेट वापरतो. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणाऱ्या प्रकल्पास ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तोच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपयांची मान्यता देण्यात आली. मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोहोचलेला तंतू घरापर्यंत जाईल तेव्हाच त्याचे सार्थक होईल. तेथे सेवा देणारी संस्था एकच असेल, तर बाजारातील स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करू शकत नाही. अशा ठिकाणी सेवेच्या गुणवत्तेचे निकष आणि त्यांची काटेकोर अंमलबजावणी हाच ग्राहकाचा आधार ठरतो. ट्रायचे गुणवत्तेसंबंधीचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत, त्यांचे महत्त्व या दृष्टीने अधिक आहे.

उदारीकरणाने ग्राहकाला अनेक सेवापुरवठादार दिले. नियमनाने त्याला माहितीचा आणि दाद मागण्याचा अधिकार दिला. आता उरले आहे ते सेवा खंडित न होता बदलण्याचे साधे, विश्वासार्ह साधन. मोबाइलच्या क्षेत्रात ते देशाने निर्माण करून दाखविले आहे. घराच्या भिंतीतून आत येणाऱ्या बारीक काचेच्या तंतूलाही ते लागू करणे, हे दूरसंचार धोरणापुढील पुढचे कार्य होय. ते पूर्ण होईपर्यंत करार वाचणारा, पोच जपणारा आणि अपिलाचा मार्ग ठाऊक असणारा ग्राहक हीच या व्यवस्थेची खरी ताकद राहील.