आरोग्यवार्तेचे गाव कोणते?



गावात अनोळखी माणूस पारापाशी येऊन टेकला की कुणीतरी विचारतेच, “पाव्हणं, गाव कोणतं म्हणायचं?” मग चहा येतो, पुढचे बोलणे होते. पण तोच अनोळखी माणूस मोबाइलच्या पडद्यावरून घरात शिरला आणि “मधुमेह एकवीस दिवसांत मुळापासून जातो” असे सांगू लागला, तर त्याला कुणी गाव विचारीत नाही. उलट त्याचे म्हणणे दहा नातेवाइकांना धाडून आपण मोकळे होतो!

हा खेड्यातल्या अडाणीपणाचा दोष, असे शहरातले लोक म्हणतात. मी मुंबईच्या उपनगरात राहतो आणि तिथल्याच महाविद्यालयात शिकवतो. मला काही तसे वाटत नाही. कांदिवलीत काय झालं, ते सांगतो.

३० मे २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, लशीचा तुटवडा होता. कांदिवली पश्चिमेच्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरणाचे शिबिर भरले. एका नामांकित रुग्णालयाचे नाव सांगणाऱ्या माणसाने सारी व्यवस्था केली होती. ३९० जणांनी माणशी १,२६० रुपये भरून टोचून घेतले. हे लोक शिकलेसवरलेले, घरोघरी संगणक असलेले. पण पुढे झालं असं, की कुणालाच ताप आला नाही. एखाद्याला न येणे समजू शकते हो, पण इतक्या माणसांत एकालाही नाही? टोचताना फोटो काढू दिले नव्हते. फोनवर सरकारी संदेशही आला नाही. काही दिवसांनी दाखले आले, तेही निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावाचे. तेव्हा रहिवाशांनी दाखल्यावर ज्यांचे नाव होते त्यांच्याकडेच चौकशी केली. उत्तर आले, “आम्ही असे शिबिर घेतलेलेच नाही.” पुढे पोलीस तपास झाला, अटका झाल्या. अशा बनावट शिबिरांत मुंबईत २,०५३ लोक फसले, असे राज्य शासनाने त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयात सांगितले.

फसवणारे लोक मोठे नाव घेऊन आले होते आणि नाव कुणालाही घेता येते. कांदिवलीकरांनी शेवटी जे केले ते अगदी साधे आहे. ज्याचे नाव घेतले, त्यालाच जाऊन विचारले. मोबाइलवर “अमक्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला” असा मजकूर आला, तर त्यासोबत आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये. त्या इस्पितळाचे किंवा आरोग्य मंत्रालयाचे संकेतस्थळ आपण स्वतः शोधून उघडावे आणि तो सल्ला तिथे आहे का ते पाहावे. भारत सरकारच्या संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ अशी अक्षरे असतात. शोधताना सर्वांत वर जे दिसते ते सर्वांत खरे, असेही धरू नये. त्यावर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असले तर ती पैसे भरून घेतलेली जागा आहे. आणि मजकुराची तारीख पाहावी. औषधाचा सल्ला पाच वर्षांत बदलू शकतो.

मधुमेहाच्या त्या एकवीस दिवसांच्या औषधाबद्दल तर इतके शोधायचीही गरज नाही. आपल्या देशात १९५४ सालापासून एक कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मोतीबिंदू अशा कितीतरी विकारांवर हमखास इलाजाची जाहिरात करणे त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे जाहिरातच सांगते की जाहिरात देणारा कायदा मोडतो आहे!

खोट्या वार्तेची किंमत केवळ रोग्यालाच द्यावी लागते असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो अशी आवई मोबाइलवरून उठली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेले. ऐकणाऱ्यांपैकी कुणाकुणाला ते अजून आठवत असेल.

मग विश्वासाची माहिती तयार तरी कशी होते? रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण घ्या. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विंचवाचे विष हृदयावर कसा घाला घालते, त्याची आरंभीची लक्षणे कोणती, हे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यू पुष्कळ कमी झाले. एखादा तिथेच थांबला असता. परंतु २०११ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना एकटे प्राझोसिन दिले, काहींना त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस. जोडीचा उपचार मिळालेले रोगी लवकर बरे झाले, म्हणजे स्वतःच रूढ केलेल्या औषधापेक्षा चांगला उपाय आहे, हे त्यांनीच छापून सांगितले. कोणी, केव्हा, किती माणसांवर, कशाशी ताडून पाहिले, हे सारे तिथे लिहिलेले आहे. “आमच्या मेव्हण्याला गुण आला” याला हे लागू होत नाही. मेव्हणे खोटे बोलतात असे नव्हे, पण ते एकटेच आहेत.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. मुलांना घरी आलेला आरोग्याचा एक संदेश वहीत उतरवून आणायला सांगा. खाली चार ओळी रिकाम्या ठेवायच्या: सांगणारा कोण, तारीख कोणती, मूळ कुठे सापडले, आणि शेवटी तो काही विकतो आहे काय? बहुतेक वह्यांत या ओळी कोऱ्याच राहतील. त्या कोऱ्या ओळी पालकांना दाखवाव्यात.

मात्र विंचू किंवा साप चावला असता यातले काहीही करीत बसू नये. जखम चिरू नये, दोरीने आवळू नये, मोबाइलवर उपाय शोधू नये. १०८ क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिकेला उशीर होतो आहे असे दिसले, तर जे वाहन मिळेल त्याने, रोग्याला चालायला न लावता, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे.