छायाचित्रण : छंद, स्पर्धा आणि शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या वार्षिक समारंभात छायाचित्रणाच्या छंदावर चार शब्द बोलण्यास मला बोलावले, याबद्दल चालकांचा मी आभारी आहे. मी व्यवसायाने छायाचित्रकार नव्हे; चित्रकलेचा एक साधा शिक्षक आहे. मात्र विद्यार्थ्यांच्या छायाचित्र स्पर्धांत परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला बरेच वेळा आला. त्या अनुभवाच्या जोरावरच मी येथे उभा आहे.

पालकांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. "सर, फोटो काढून पोट भरते काय?" दुसरा प्रश्न त्याहून तक्रारीचा : "पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतंय, त्यात तुम्ही आणखी फोटोचा नाद लावताय!" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो. आपल्या समाजात तिसराही एक प्रश्न असतो, तो म्हणजे तसबीर काढणे योग्य की अयोग्य. मी आलिम नाही, म्हणून त्या वादात शिरत नाही. हजला जायचे तरी पासपोर्टवर फोटो लागतो, एवढेच नम्रपणे सांगून पुढे जातो.

ही विद्या परक्यांची आहे, असे मात्र कोणी समजू नये. इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा शहरात जन्मलेले इब्न अल-हैसम हे प्रकाशाचे फार मोठे अभ्यासक होते. त्यांनी एक साधा प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीच्या बाहेर काही दिवे ओळीने ठेवले आणि खोलीला बारीक भोक ठेवले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होई, बाकीचे जागच्या जागी राहत. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच भोकातून जाताना अनेक किरण एकमेकांत मिसळून जात नाहीत, हे त्यावरून दिसून आले. कॅमेऱ्याचे मूळ तत्त्व हेच. अशा खोलीला त्यांच्या भाषेत 'अल-बैत अल-मुझलिम', म्हणजे काळोखी खोली, म्हणत.

'कॅमेरा' हा शब्दच अरबी आहे, असे काहीजण अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. तो लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे. खरे कर्तृत्व एवढे मोठे असताना त्याला खोट्या अभिमानाची जोड कशाला? विद्यार्थ्यांनी बुटाच्या खोक्याला सुईने भोक पाडावे, समोरच्या बाजूस पातळ ट्रेसिंग कागद लावावा आणि डोक्यावरून काळे कापड घेऊन पाहावे. अंगणातले झाड उलटे दिसेल. दहा रुपयांत हजार वर्षांचे विज्ञान घरी येईल.

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कृती जगापुढे जाहीर झाली. म्हणून तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन मानतात. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळी हौसेने कॅमेरा चालवीत. पुढे १९५० साली छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि १९५३ साली आपल्या देशाची फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली. आज गावोगावच्या स्पर्धा व प्रदर्शने भरतात, त्यांच्या नियमांवर या संस्थांची छाप आहे.

आणि आपले कोल्हापूर? आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर या बंधूंनी येथेच चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, पण बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य दामले यांच्या मदतीने त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्यावरून रोज जाताना आपल्यापैकी किती जण मान वर करून पाहतात?

त्याच परंपरेत आपल्या समाजातले आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, आणि कोटितीर्थाच्या परिसरातला उजेड त्यांनी रंगांत पकडला. १९२२ साली महाराज गेल्यावर या भल्या माणसाने दुःखाच्या भरात आपली पुष्कळ चित्रे तळ्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. पाण्यात गेलेल्या चित्रांची ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता स्पर्धांविषयी. परीक्षक म्हणून बसलो की रंकाळ्यावरचा सूर्यास्त हमखास समोर येतो. एक नव्हे, चाळीस. चाळीसही सुंदर असतात आणि त्यामुळेच एकही लक्षात राहत नाही. मग एखादा फोटो येतो : चप्पल शिवणाऱ्या आजोबांचा हात, अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी, बाजूला थंड झालेला चहा. परीक्षक खुर्चीत पुढे सरकतात. त्या मुलाकडे महागडा कॅमेरा नसतो. तो आजोबांजवळ तासभर बसलेला असतो, एवढेच. गुऱ्हाळघरातली वाफ, तालमीतली तांबडी माती, मोहरममध्ये पंजासमोर हात जोडून उभे असलेले हिंदू शेजारी, पहाटे दूध काढणारी आई — हे विषय आपल्या उंबऱ्याशी आहेत. ते पाहण्यासाठी बसावे लागते. मोबाईलने मुलाची नजर खाली गेली, ही तुमची तक्रार ना? त्याच मोबाईलने ती वर आणता येते.

स्पर्धेचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. चांगल्या स्पर्धेत परीक्षकांपुढे फोटो येतो तो नावाशिवाय. कोणाचा मुलगा, कोणत्या गल्लीचा, आडनाव काय, हे कोणालाच कळत नाही. तेथे वशिलाही नाही आणि दुजाभावही नाही. आमच्या मुलामुलींना असा अनुभव लहानपणीच मिळावा. बक्षीस मिळाले तर ते केवळ कामाचे असते. नाही मिळाले तर रुसवा कोणावर धरायचा? घरी यावे आणि पुन्हा पाहायला बसावे.

दुसरी शिकवण सचोटीची. निसर्गचित्रांच्या विभागात चित्रात नसलेला पक्षी आणून बसविणे किंवा नको असलेली तार पुसून टाकणे नियमबाह्य आहे. आता तर यंत्र न पाहिलेले दृश्यही तयार करून देते. २०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताचे असे यंत्रनिर्मित चित्र सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत निवडले गेले. त्याने स्वतः हे उघड केले आणि पारितोषिक नाकारले. हे छायाचित्र नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. तुमच्या हातून न निघालेले चित्र तुमच्या नावावर देऊ नका. परीक्षेतली नक्कल आणि ही नक्कल एकच.

तिसरी शिकवण परवानगीची. झोपलेला मजूर, पाण्याच्या रांगेतली बाई, दर्ग्यात रडणारी म्हातारी यांचा फोटो न विचारता काढणे आणि तो बक्षिसासाठी पाठविणे ही कला नव्हे. आपल्या बहिणीचा फोटो कोणी असा काढला तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार पुरे.

पोट भरते काय, या प्रश्नाचेही उत्तर देतो. लग्नसमारंभ, वर्तमानपत्रे, पुरातत्त्व, वैद्यकीय शिक्षण, जाहिराती — काम पुष्कळ आहे, पण ते जाणत्याला मिळते. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. मुलींच्या पालकांनी हे नाव घरी सांगावे. जामिया मिलियामध्ये शिकलेले दानिश सिद्दिकी यांना रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ साली सहकाऱ्यांसमवेत पुलित्झर पारितोषिक मिळाले. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात काम करताना ते मारले गेले. २०२२ साली मरणोत्तर पुन्हा तोच सन्मान त्यांच्या वाट्याला आला. प्रत्येकाने रणांगणावर जावे असे नव्हे. दुसऱ्याचे दुःख जगाला दाखविणे हेही शिक्षणाचे फळ आहे, एवढेच मला सुचवायचे आहे.

आता पाण्याची गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फूट ओलांडले. आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होते. पाणी उतरल्यावर पेटी उघडली, तेव्हा अल्बमचा एक ओला गठ्ठा झाला होता. माझ्या अम्मीचा एकच फोटो होता. लग्नानंतरचा, अब्बांच्या खुर्चीमागे उभी असलेली. मी घाईने तो गठ्ठा उन्हात ठेवला आणि दुपारी फोटो ओढून वेगळे करू लागलो. अम्मीचा चेहरा मागच्या फोटोच्या पाठीला चिकटून निघून गेला. माझ्या नातवंडांना ती कशी दिसत होती, हे आता मी शब्दांतच सांगू शकतो.

नंतर जाणकारांकडून कळले ते तुम्हाला सांगतो, म्हणजे माझी चूक तुमच्या घरी होणार नाही. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारच्या कागदाला घट्ट धरतो. म्हणून भिजलेले फोटो चिकटलेले असताना वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवावेत, हलक्या हाताने आपोआप सुटू द्यावेत, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, आणि स्वच्छ कापडावर चित्र वर करून सावलीत पसरावेत. फार असतील तर मेणकागद मध्ये घालून पिशवीत बांधावेत, फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि मग सवडीने एकेक काढावा. त्याहून उत्तम म्हणजे आजच त्यांची मोबाईलवर नक्कल घ्यावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी.

म्हणून संस्थेपुढे माझी एक सूचना आहे. पुढील वर्षी विद्यार्थ्यांचे छायाचित्र प्रदर्शन भरवावे. दसरा चौकात आपल्या मुस्लिम बोर्डिंगजवळच शाहू स्मारक भवन आहे. तेथे इतरांची प्रदर्शने आपण पाहतो, आता आपली मुले दिसू द्या. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन फोटो आणावेत. एक त्याने स्वतः परवानगीने काढलेला, घरातल्या कामाचा. दुसरा घरातला जुना. आजी-आजोबांजवळ बसून त्यातली माणसे कोण, कोठली, कोणत्या साली, हे विचारून मागे पेन्सिलीने लिहिलेला. परीक्षकांनी पहिल्यास गुण द्यावेत. दुसऱ्यास गुण नकोत. त्याचे बक्षीस त्या बैठकीतच मिळून जाईल.

आबालालांची चित्रे पाण्यात गेली, माझ्या आईचा चेहरा पाण्यात गेला. तुमच्या घरात जे अजून कोरडे आहे, ते सांभाळा. आज घरी गेल्यावर पेटी उघडा, एक फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, "हे कोण?" उत्तर देणारे माणूस अजून आहे, तोवर विचारा.